‘द स्मिथ्स’ ऐकायला सुरुवात कशी करावी: नवख्या श्रोत्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मँचेस्टरच्या ‘द स्मिथ्स’ या बँडचे नाव कुणीतरी सुचवते म्हणून आपण त्यांचे एखादे गाणे लावतो. गिटार खळखळत सुरू होते, पाय नकळत ठेका धरतो आणि मग शब्दांकडे लक्ष गेले की गाणारा माणूस मरणाविषयी, एकटेपणाविषयी किंवा शाळेत खाल्लेल्या माराविषयी बोलतो आहे हे कळते. बहुतेक नवे श्रोते इथेच अडखळतात. काहींना चाल आणि शब्द यांचा मेळ बसलेला नाही असे वाटते, काही जण हा सगळा थट्टेचा प्रकार समजून सोडून देतात, तर काही जण फक्त चाल ऐकून समाधान मानतात. या बँडची गाणी मी पुष्कळ वर्षे ऐकतो आहे, आणि नव्या माणसाने कुठून सुरुवात करावी, काय टाळावे हे सांगणारे मराठीत काही असावे, म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. या गाण्यांत उजळ चाल आणि काळोखे शब्द एकाच वेळी खरे असतात. ज्याला आज मरण आले तरी चालेल असे वाटते, त्याच माणसाला त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी गाडीतून लांबवर फिरायलाही जायचे असते, आणि या दोन्ही इच्छा एका गाण्यात मावतात. एकनाथांची भारुडे ऐकत वाढलेल्या श्रोत्याला ही रीत परकी वाटू नये; तिथेही सोंग हसवते, ठेका नाचवतो आणि आशय मात्र देहाचा, विकारांचा आणि नश्वरतेचा असतो.

सुरू करण्यापूर्वी जवळ काय असावे

• दोन्ही कानांचे बरे हेडफोन. महाग असण्याची गरज नाही; मात्र मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर ही गाणी ऐकू नयेत, कारण त्यावर बेस जवळजवळ नाहीसा होतो आणि गिटारांचे थर एकमेकांत मिसळून जातात.
• गाण्यांचे शब्द, शक्यतो कागदावर छापलेले. पडद्यावर गाण्याबरोबर सरकणाऱ्या ओळी सुरुवातीला नकोत. कारण पुढे दिले आहे.
• बँडचा गिटारवादक जॉनी मार याच्या देखरेखीखाली २०११ साली नव्याने ध्वनिसंस्कारित झालेल्या आवृत्त्या मिळाल्या तर उत्तम.
• मँचेस्टर आणि त्याला लागून असलेल्या सॅलफर्डचा नकाशा. गाण्यांत आलेल्या जागा खऱ्या आहेत आणि त्या शोधण्यात रस आहे.

१. चौघांची ओळख करून घ्या

१९८२ साली अठरा वर्षांचा गिटारवादक जॉनी मार, त्याच्याहून चार वर्षांनी मोठ्या आणि घरात पुस्तके व जुन्या तबकड्यांच्या सहवासात रमलेल्या स्टीव्हन मॉरिसीकडे गेला आणि आपण दोघे मिळून गाणी लिहू असे त्याने सुचवले. मॉरिसी गायक झाला; बेस गिटारवर मारचा शाळेतला मित्र अँडी रुर्क आणि ड्रमवर माइक जॉयस आले. लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या स्वतंत्र कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. पहिली सिंगल, म्हणजे एखाद्या गाण्याची स्वतंत्र तबकडी, मे १९८३ मध्ये आली. १९८७ च्या उन्हाळ्यात मार बाहेर पडला आणि बँड संपला. एवढ्या अवधीत चार स्टुडिओ अल्बम आणि सुमारे सत्तर गाणी झाली. चौघे पुन्हा कधीच एकत्र आले नाहीत, आणि मे २०२३ मध्ये रुर्कच्या निधनाने ती शक्यताही उरली नाही.

गाणी कशी बनत हे माहीत असणे ऐकण्यासाठी फार उपयोगाचे आहे. मार आधी संगीत रचत असे आणि त्याची कॅसेट मॉरिसीला देत असे. मॉरिसी त्यावर आपले शब्द आणि गायनाची चाल बसवत असे. त्यामुळे बऱ्याच गाण्यांत शब्द गिटारच्या मागोमाग जात नाहीत. वाक्य एका मात्रेवर सुरू होते, अपेक्षित ठिकाणी थांबत नाही, पुढच्या ओळीत सांडते. कधी ठरलेले ध्रुवपदच येत नाही. चाल आणि शब्द वेगवेगळ्या दिशांना ओढत आहेत असे जे वाटते, त्याचे मूळ या कामाच्या पद्धतीत आहे.

२. पहिल्या खेपेस फक्त गिटार ऐका

सुरुवात ‘दिस चार्मिंग मॅन’पासून करा. ऑक्टोबर १९८३ च्या अखेरीस आलेल्या या गाण्याने त्यांना इंग्लंडभर पोहोचवले. शब्दांकडे मुद्दाम दुर्लक्ष करून आरंभीचा गिटारचा तुकडा ऐका: जाड स्वरमेळ जोरात बडवलेले नाहीत, एकेक सूर सुटा छेडलेला आहे, आणि वरच्या तारांवरून तो तुकडा जणू स्वतःच एक गाणे म्हणत जातो. मग बेस आणि ड्रम आत येतात आणि अमेरिकेच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातील नाचाच्या गाण्यांची चाल जागी होते. दुसऱ्यांदा ऐकताना केवळ रुर्कच्या बेसचा माग घ्या. तो ठेका राखत बसलेला नाही. गिटार खाली उतरते तेव्हा तो वर जातो, आणि बेसची ओळ वेगळी गुणगुणता येईल इतकी सुरेल आहे.

मारला गिटारवर लांबलचक एकल वादन करण्यात रस नव्हता. एकाच गाण्यासाठी तो अनेक गिटार वेगवेगळ्या ध्वनिमुद्रित करून एकावर एक ठेवत असे आणि त्यातून एकसंध, चमकदार नाद तयार होत असे. हेडफोन लागतात ते यासाठी. डाव्या आणि उजव्या कानात काय वेगळे वाजते आहे हे ऐकू येऊ लागले की पुढच्या टप्प्याकडे जा.

येथे एक सापळा आहे. ‘हाऊ सून इज नाऊ?’ हे त्यांचे अतिशय प्रसिद्ध गाणे अनेकांना सर्वप्रथम सुचवले जाते. गाणे थोर आहे, पण ते या बँडचा प्रातिनिधिक नमुना नाही. त्यातले संगीतही शब्दांइतकेच गडद आणि जड आहे. त्यावरून पुढची गाणी जोखली तर ती उथळ वाटतील. ते दहाव्या-बाराव्या गाण्यानंतर ऐका.

३. मग गाणे बंद करून शब्द वाचा

शब्द सुरू असलेल्या गाण्याबरोबर वाचले तर चाल आपल्याला पुढे ढकलत नेते आणि कडवट वाक्यही गोड होऊन जाते. म्हणून आधी शांतपणे कागद वाचा, अपरिचित शब्द आणि संदर्भ शोधा आणि बोलणारा माणूस कोण आहे हे ठरवा. मॉरिसीच्या गीतांत जवळजवळ नेहमी कुणीतरी कुणाशी तरी बोलत असते, आणि बोलणाऱ्याचे सगळे म्हणणे आपण खरे मानावे अशी अपेक्षा नसते.

‘हेवन नोज आय अ‍ॅम मिझरेबल नाऊ’ हे १९८४ चे गाणे यासाठी चांगले आहे. शीर्षक साठच्या दशकातील गायिका सँडी शॉ हिच्या एका गाण्याच्या नावावरून बेतलेले आहे. यातला माणूस नोकरी शोधत होता, त्याला नोकरी मिळाली आणि तरीही तो दुःखीच राहिला. आपण मेलो काय किंवा जगलो काय, ज्यांना फरक पडत नाही अशा लोकांसाठी आपण आपला मोलाचा वेळ का घालवतो, असा त्याचा प्रश्न आहे. ब्रिटनमधील बेकारांची संख्या १९८२ च्या जानेवारीत तीस लाखांवर गेली होती. नोकरी मिळणे हेच भाग्य मानण्याच्या त्या दिवसांत, नोकरीनेही सुख आले नाही हे उघडपणे म्हणणे किती धीट होते, ते ही पार्श्वभूमी ठाऊक असली तरच समजते. मारची गिटार या वेळी आरामात, रविवारच्या दुपारी रपेट मारावी तशी चालत राहते.

४. आता दोन्ही एकत्र ऐका

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्या. त्यासाठी मी तीन गाणी सुचवतो आणि ती याच क्रमाने ऐकावीत.

पहिले, ‘गर्लफ्रेंड इन अ कोमा’. हे १९८७ चे गाणे दोन मिनिटांच्या जेमतेम पुढे जाते. हलकी, उड्या मारणारी चाल, वर तंतुवाद्यांचा गोडवा. प्रेयसी बेशुद्ध पडलेली आहे आणि प्रियकर कुणाला तरी सांगतो आहे की प्रकरण गंभीर आहे याची त्याला जाणीव आहे. मग तो म्हणतो, तिला पाहायला जायची इच्छा नाही. मग कबूल करतो की कधी कधी तिचा जीव घ्यावा इतका तिचा राग आला होता, आणि लगेच जोडतो की तिला काही झालेले आपल्याला सहन होणार नाही. ती यातून उठेल का, हेही तो विचारतो. शेवटी त्याला तिच्या कानात अखेरचा निरोप सांगायचा असतो. रुग्णालयाच्या बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांचे बोलणे असेच असते: भीती, जुना राग, सभ्यपणा आणि अपराधभाव एका श्वासात येतात. चाल संथ आणि रडवी असती, तर या माणसाचा दुटप्पीपणा आपल्याला दिसलाच नसता. आपण त्याच्याबरोबर रडलो असतो. चाल हलकी आहे म्हणून आपण प्रत्येक वाक्य नीट ऐकतो.

दुसरे, ‘रशोम रफियन्स’, १९८५ च्या ‘मीट इज मर्डर’ या अल्बममधले. रशोम हा मँचेस्टरचा एक भाग आहे. आज तेथील विल्म्स्लो रोडवर दक्षिण आशियाई उपाहारगृहांची रांग आहे आणि तिला ‘करी माईल’ म्हणतात, त्यामुळे मँचेस्टरात शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना ती जागा परिचयाची असते. गाण्यात जत्रेची अखेरची रात्र आहे. एका मुलाला भोसकून त्याचे पैसे लुटले जातात. एक शाळकरी मुलगी उंच पाळण्यावरून उडी मारली तर किती लवकर मरण येईल असे विचारते. आणि सांगणारा एकटाच घरी चालत जातो, तरी प्रेमावरची त्याची श्रद्धा ढळत नाही. खाली अमेरिकी गायक एल्विस प्रेस्लीच्या सुरुवातीच्या गाण्यांची आठवण करून देणारा धावता रॉकाबिली (कंट्री आणि रॉक अँड रोल यांच्या मिश्रणाचा) ठेका एक क्षणही थांबत नाही. जत्रा कुणाच्या भोसकले जाण्याने थांबत नाही, हे ठेकाच सांगतो. शब्दांत ते वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

तिसरे, ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’. हे १९८६ च्या ‘द क्वीन इज डेड’ अल्बममध्ये आहे; सिंगल म्हणून मात्र ते बँड संपल्यानंतर, १९९२ साली निघाले. ज्याला घरी परतायचे नाही असा एक तरुण दुसऱ्याच्या गाडीत बसला आहे. दुमजली बस किंवा दहा टनी ट्रक येऊन आदळला तरी तुझ्या शेजारी मरण येणे हे भाग्यच, असे तो म्हणतो. बहुतेक श्रोते एवढेच लक्षात ठेवतात. मधल्या कडव्याकडे लक्ष द्या: भुयारी रस्त्याच्या अंधारात आपली संधी आली असे त्याला वाटते, पण एक विचित्र भीती दाटून येते आणि त्याला विचारता येत नाही. मनातले बोलणे जमले नाही, म्हणून त्याच्या मनात अपघाताचे चित्र इतके भव्य होते. तंतुवाद्यांचा जो लोट ऐकू येतो तो खऱ्या वाद्यवृंदाचा नाही. कीबोर्डवरून वाजवलेला आहे, आणि त्या किंचित कृत्रिम सुरांमुळे गाणे चित्रपटाच्या स्वप्नासारखे भासते. गायनाला कुठेही कढ येत नाही. हे त्यांचे सर्वोत्तम गाणे आहे असे माझे मत आहे.

५. अल्बम कोणत्या क्रमाने घ्यावेत

प्रकाशनाच्या क्रमाने जाऊ नका. फेब्रुवारी १९८४ चा पहिला अल्बम ध्वनिमुद्रणात काहीसा मिणमिणता आहे आणि नवख्याला कंटाळवाणा वाटू शकतो. त्याऐवजी हा क्रम ठेवा.

‘हॅटफुल ऑफ हॉलो’ (नोव्हेंबर १९८४) हे संकलन आधी घ्या. यात बीबीसी रेडिओसाठी झपाट्याने केलेली ध्वनिमुद्रणे आणि सिंगल आहेत. चौघे एका खोलीत वाजवत असल्याचा ताजेपणा त्यात आहे. त्यानंतर ‘द क्वीन इज डेड’. त्याचे पहिले शीर्षकगीत आक्रमक आहे, त्याने बिचकू नका. पाचवे गाणे ‘सेमेट्री गेट्स’ ऐकलेत की पुन्हा ओळखीच्या जागी याल. त्यात दोन मित्र लख्ख उन्हाच्या दिवशी कब्रस्तानाच्या दारात भेटतात, थडग्यांवरची नावे वाचतात, गेलेल्यांनीही आपल्यासारखेच प्रेम आणि द्वेष केले असतील या विचाराने हळवे होतात, आणि मग वाङ्मयचौर्यावरून भांडतात. एकाच्या बाजूने कवी कीट्स आणि येट्स, दुसऱ्याच्या बाजूने लेखक ऑस्कर वाइल्ड. नंतर ‘मीट इज मर्डर’, मग सप्टेंबर १९८७ चा अखेरचा ‘स्ट्रेंजवेज, हिअर वी कम’, आणि सर्वांत शेवटी पहिला अल्बम. तोवर तुमचा कान तयार झालेला असतो.

खरेदी करताना किंवा यादी बनवताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, या बँडची अनेक उत्तम गाणी केवळ सिंगल म्हणून निघाली आणि मूळ ब्रिटिश अल्बमांत नाहीत. ती ‘द वर्ल्ड वोन्ट लिसन’ आणि अमेरिकेसाठी काढलेल्या ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’ या १९८७ च्या संकलनांत सापडतात. या दोहोंत बरीच गाणी समान आहेत, तेव्हा दोन्ही विकत घेण्याची गरज नाही; ‘लाउडर दॅन बॉम्ब्स’ पुरेसे आहे. दुसरी, एकाच नावाच्या गाण्याची वेगळी ध्वनिमुद्रणे असतात. ‘हॅटफुल’वरचे ‘दिस चार्मिंग मॅन’ हे रेडिओसाठीचे आहे. दुसऱ्या टप्प्यात सांगितलेले चमकदार रूप सिंगलवरचे आहे.

६. नवख्यांना फसवणाऱ्या गोष्टी

सगळ्या गाण्यांत उजळ चाल शोधू नका. ‘आय नो इट्स ओव्हर’ संथ आहे आणि त्याला तसेच असायला हवे. ‘सफर लिटल चिल्ड्रन’ हे १९६३ ते १९६५ या काळात मँचेस्टर परिसरात झालेल्या मुलांच्या हत्यांविषयी आहे. मॉरिसी त्या वेळी त्याच शहरात वाढणारा लहान मुलगा होता. हे गाणे माहिती करून घेतल्याशिवाय ऐकू नये आणि सहज कुणाला ऐकवूही नये.

शब्दशः अर्थ घेऊन घाबरू नका, पण शब्द निव्वळ अलंकार आहेत असेही समजू नका. ‘द हेडमास्टर रिच्युअल’मधली शाळेतली मारहाण खरी होती, ते गाणे १९८५ मध्ये आले तेव्हा ब्रिटनच्या सरकारी शाळांत शारीरिक शिक्षा कायदेशीर होती आणि ती १९८७ साली बंद झाली. गाण्याची सुरुवात मात्र मारच्या झळाळत्या गिटारने बराच वेळ चालते, आणि त्या आनंदावर पहिली ओळ आदळते.

मॉरिसीने पुढील आयुष्यात केलेल्या राजकीय वक्तव्यांमुळे, विशेषतः एका अतिउजव्या पक्षाला दिलेल्या जाहीर पाठिंब्यामुळे, अनेक जुने श्रोते दुखावले आणि काहींनी ऐकणेच सोडले. तुम्हाला याविषयी कळेलच, तेव्हा ते आधीच माहीत असावे. माझ्यापुरते सांगायचे तर, ही गाणी चौघांची आहेत आणि त्यातले संगीत मारचे आहे, हे मी विसरत नाही. मात्र ज्यांना आता तो आवाज ऐकवत नाही, त्यांच्याशी वाद घालावा असे मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मन फार खचलेले असताना ही गाणी सोबत करतात हे खरे. पण मरणाचे विचार स्वतःच्या मनात सतत येत असतील तर गाण्यावर भिस्त ठेवू नका. जवळच्या माणसाशी बोला, किंवा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येते.

७. गिटार वाजवत असाल तर

कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा, दुसऱ्या पट्टीवर लावा. सुरुवातीच्या अनेक गाण्यांत मार गिटार एक पूर्ण सूर चढी लावत असे किंवा कॅपो वापरत असे, आणि त्याचा तो लख्ख आवाज काही अंशी यातून येतो. आवाज स्वच्छ ठेवा. फार तर थोडा कोरस, म्हणजे सूर किंचित दुहेरी भासवणारा परिणाम. संपूर्ण स्वरमेळ एकदम न छेडता त्यातले सूर एकेक करून वाजवा आणि जिथे जमेल तिथे मोकळी तार वाजत राहू द्या. प्रथम ‘प्लीज, प्लीज, प्लीज लेट मी गेट व्हॉट आय वॉन्ट’ शिका. दोन मिनिटांपेक्षा लहान आहे आणि त्यातले स्वरमेळ नवशिक्याच्या आवाक्यातले आहेत. ‘दिस चार्मिंग मॅन’ सोपे भासते, पण पूर्ण वेगात बोटे अडकतात, तेव्हा निम्म्या वेगाने सुरुवात करा. ‘हाऊ सून इज नाऊ?’मधला थरथरता आवाज घरी जसाच्या तसा काढण्याच्या नादी लागू नका. त्यासाठी स्टुडिओत चार अ‍ॅम्प्लिफायर लावून त्यांची थरथर हाताने जुळवत न्यावी लागली होती.

८. मँचेस्टरला जाण्याचा योग आला तर

शहराच्या दक्षिणेचे सदर्न सेमेटरी हे कब्रस्तान ‘सेमेट्री गेट्स’शी जोडले जाते. तिथे आजही दफनविधी होतात, म्हणून छायाचित्रे काढताना भान ठेवा. सॅलफर्ड लॅड्स क्लबची इमारत १९०४ सालची आहे. तिच्या दारात काढलेले चौघांचे छायाचित्र ‘द क्वीन इज डेड’च्या आतल्या पानावर आहे आणि जगभरचे चाहते तिथे तसेच उभे राहून छायाचित्र काढून घेतात. आत या बँडच्या आठवणींची एक खोलीही आहे. क्लब आजही परिसरातील मुलामुलींसाठी चालतो, त्यामुळे इमारत पाहुण्यांना कोणत्या दिवशी खुली असते हे निघण्यापूर्वी विचारून घ्या आणि जमल्यास तिथल्या देणगीपेटीत काही टाका.